ताठ लेदर हँडबॅग घेताना नेमकं काय काय तपासायचं

टेबलावर ठेवली की आपली आपण उभी राहणारी, चौकोनी, ताठ लेदरची बॅग, दुकानात जिला स्ट्रक्चर्ड बॅग म्हणतात, ती घेताना सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, लेदर खरं आहे ना? प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. मऊ बॅगेत चामडं चांगलं असलं की बरंचसं भागतं, ताठ बॅगेत मात्र तो आकार कशाच्या जोरावर उभा आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं तेच अस्तराच्या आत झाकलेलं असतं. वरून मस्त चामडं आणि आत साधा पुठ्ठा अशा बॅगा बाजारात भरपूर आहेत, पाऊस लागला की त्या बसतात आणि मग काही केल्या उभ्या राहत नाहीत. म्हणून आत काय आहे ते बाहेरून कसं ओळखायचं, यावरच इथे जास्त लिहितेय.

पहिली पायरी घरीच करायची. रोज जे नेता ते सगळं टेबलावर काढा, डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, पाकीट, चष्मा, लॅपटॉप असेल तर तोही, आणि टेपने मोजा. १३ इंची लॅपटॉप साधारण ३० सेंमी रुंद असतो, ए४ कागद २९.७ बाय २१ सेंमी, म्हणजे फाइल न दुमडता जायला हवी असेल तर बॅगेची आतली रुंदी ३२-३३ सेंमी तरी लागणार. आतली म्हणतेय, कारण वेबसाइटवर बहुतेक वेळा बाहेरचं माप दिलेलं असतं, आणि ताठ बॅगेच्या भिंती जाड असतात त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं थोडं जातं. शिवाय ही बॅग पोट फुगवून घेत नाही, मऊ बॅगेत आपण कोंबतो तसं इथे चालत नाही, जे मावत नाही ते मावतच नाही. बाटली उभी राहील का हे आवर्जून बघा, आडवी ठेवावी लागली तर आज ना उद्या गळणारच.

वजनाचंही तसंच. रिकामी बॅग एक किलोच्या वर गेली की माझ्या मते रोजच्या वापरासाठी नको, कितीही सुंदर असली तरी. लॅपटॉप, भरलेला डबा आणि लिटरभर पाणी घातलं की आरामात चार किलोपर्यंत जाते, आणि ती घेऊन दादर स्टेशनचा जिना चढायचा असतो.

आता चामडं. फुल ग्रेन म्हणजे चामड्याचा वरचा थर जसाच्या तसा ठेवलेला, सगळ्यात टिकाऊ. टॉप ग्रेनमध्ये वरचा थर थोडा घासून एकसारखा केलेला असतो, बऱ्याचदा वर ठसा मारलेला, तेही चांगलं चालतं. स्प्लिट म्हणजे खालचा थर, त्यावर प्लास्टिकचा लेप. आणि बॉन्डेड म्हणजे चामड्याचा चुरा डिंकाने चिकटवून केलेली शीट, याला हात लावू नका. नुसतं ‘जेन्युइन लेदर’ लिहिलेलं असलं तर त्यावरून यातलं नेमकं कोणतं ते कळत नाही, म्हणून सरळ विचारा, फुल ग्रेन आहे की स्प्लिट, आणि कोणत्या जनावराचं. म्हशीचं चामडं जाड आणि दणकट, ताठ बॅगेला एकदम योग्य, बकरीचं पातळ आणि हलकं पण चिवट, लहान बॅगेला छान, मेंढीचं फार मऊ, ते जॅकेटला ठीक.

ओळखायचं कसं तर एखाद्या वाकलेल्या जागी अंगठ्याने हलकं दाबा, खऱ्या चामड्यावर अंगठ्याच्या भोवती बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढलं की हळूहळू जातात, रेक्झिन नुसतं खड्डा पडल्यासारखं दबतं. मग बेल्टचं टोक किंवा आतल्या खिशाची कड बघा, जिथे चामडं कापलेलं दिसतं तिथे तंतू दिसायला हवेत, कापडाची विण किंवा फोमचा थर दिसला तर समजून जा. छिद्रं आणि रेषा थोड्या कमीजास्त असणं चांगलं लक्षण आहे, बॅगभर एकच नक्षी अगदी मोजून मापून आली असेल तर तो ठसा आहे. वासावर अजिबात जाऊ नका, वास बाटलीतून मारता येतो. आणि दुकानदार लायटर पेटवून चामड्याला लावून दाखवतात ना, त्यावरही जाऊ नका, वर प्लास्टिकचा लेप असलेलं स्प्लिटसुद्धा क्षणभराच्या ज्योतीने लगेच पेटत नाही.

एक मात्र सांगते, ठसा मारलेलं सगळंच वाईट असं नाही. सॅफियानो, म्हणजे तिरक्या बारीक रेघांचा ठसा आणि वर लेप असलेलं चामडं, मुंबई-कोकणच्या पावसात साध्या फुल ग्रेनपेक्षा जास्त सोयीचं पडतं, पाण्याचे डाग पडत नाहीत आणि ओरखडेही कमी दिसतात. फक्त खाली खरं चामडं आहे ना एवढं बघून घ्या. पीयू लेदरबद्दल, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेन प्लास्टिकचा थर दिलेल्या नकली लेदरबद्दल, माझं मत स्पष्ट आहे, ते दमट हवेत विघटन होऊन सोलतं, कपाटात न वापरता ठेवलं तरी सोलतं, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरायची बॅग हवी असेल तर नको.

आता मुख्य गोष्ट, आतला सांगाडा. चामडं ताठ राहण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चामडंच जाड आणि झाडाच्या सालीत कमावलेलं असणं, कोल्हापुरी चपलेचं चामडं आठवा, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, त्याला आत दुसऱ्या आधाराची गरज लागत नाही. पण जगातलं बहुतेक चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं, काम लवकर होतं आणि चामडं मऊ येतं, त्यामुळे अशा चामड्याच्या ताठ बॅगेत आत काहीतरी घालावंच लागतं. ते काय आहे यावर बॅगेचं आयुष्य ठरतं. लेदर बोर्ड (चामड्याचे तंतू दाबून केलेली कडक शीट), चांगली प्लास्टिक शीट किंवा घट्ट फोम असेल तर उत्तम, पुठ्ठा असेल तर नको.

कळतं कसं? बॅग रिकामी करा, आतला कागद काढायला लावा (हे महत्त्वाचं, शोरूममधली निम्मी बॅग कागदावर उभी असते), मग बाजूच्या भिंतीवर चार बोटांनी दाबा आणि सोडा. चांगली भिंत थोडी आत जाते आणि लगेच जागेवर येते. पुठ्ठा कुरकुर आवाज करतो, किंवा दबल्याची घडी तशीच राहते. तळाला खालून अंगठ्याने दाबून बघा, आणि आत हात घालून कोपऱ्यांपर्यंत चाचपा, तळाचा बोर्ड चारी कोपऱ्यांपर्यंत पोचलेला हवा, मध्येच तरंगणारा नको. खाली धातूचे चार तरी पाय हवेत आणि ते बोर्डातून आरपार ठोकलेले हवेत, बोटाने फिरवून बघा, गरगर फिरला तर तो महिनाभरात पडणार. कोपरे नीट न्याहाळा कारण ताठ बॅग सगळ्यात आधी कोपऱ्यातच झिजते, लोकलमध्ये, रिक्षात, स्कूटीच्या पुढ्यात, सगळीकडे कोपराच घासतो. कोपऱ्यावरून बारीक पायपिंग, म्हणजे शिवणीवरची दोरीसारखी गोल कड, गेलेली असेल तर ती पहिली फाटते, त्याऐवजी कोपऱ्यावर चामड्याचा दुहेरी तुकडा असलेली बॅग घ्या.

शिलाईत इंचाला साधारण सात-आठ टाके बरे. फार विरळ नकोत, पण फार दाटही नकोत, कारण चामड्याला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, आणि खूप दाट टाके घातले की ती जागा पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते, ओढ बसली की तिथूनच फाटते. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा असावा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो.

कडांना रंग दिलेला असतो तो पट्टा जिथे कडीतून वळतो तिथे बघा. पातळ, गुळगुळीत, चामड्याला धरून बसलेला रंग हवा. रबरासारखा जाड थर असेल तर वळणावर तडा जाऊन पापुद्रे निघतात. कड आत दुमडून शिवलेली असेल तर ही भानगडच नाही.

हँडलची मुळं हा ताठ बॅगेचा सगळ्यात दुखरा भाग. कडी ज्या चामड्याच्या पट्टीने बॅगेला धरलीय ती पट्टी दुहेरी असावी, चौकोनात शिवलेली असावी आणि सोबत रिवेट असावं. नुसत्या रिवेटवर किंवा नुसत्या चार टाक्यांवर लटकणारं हँडल मी कुणालाच घेऊ देत नाही. घरातलं फ्रिजवरचं छोटं मॅग्नेट पर्समध्ये टाकून न्या आणि कड्या-बक्कलांना लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे, वरचा मुलामा उडाला की पावसाळ्यात गंजणार आणि ती कडी गंजाने ड्रेसवर डाग पाडणार. पितळेला आणि जस्ताच्या मिश्रधातूला मॅग्नेट चिकटत नाही. चेन एका हाताने पाच-सहा वेळा उघडझाक करा, कोपऱ्यावर रनर (चेनचा सरकणारा भाग) अडकता कामा नये. रनरवर वायकेके (चेन बनवणारी नावाजलेली जपानी कंपनी) लिहिलेलं असणं चांगलं पण नकलीही निघतात, त्यामुळे हाताला काय लागतंय ते बघा. गर्दीत प्रवास असेल तर वरून पूर्ण बंद होणारी चेनच घ्या, नुसतं मॅग्नेट बटण किंवा फिरकीचं लॉक नको. अस्तर फिक्या रंगाचं असेल तर किल्ली पटकन सापडते, ही छोटी गोष्ट रोज उपयोगी पडते.

आणि मग शेवटची परीक्षा दुकानातच. घरून आणलेलं सगळं सामान बॅगेत भरा, लाजू नका, पैसे आपले जाणार आहेत. हँडल धरून दोन मिनिटं उभ्या राहा, तोंड वाकडं होतंय का, वरची कड मध्ये खचतेय का, तळ खाली पोट काढतोय का ते आरशात बघा. पट्टा खांद्याला अडकवा, खांद्यापासून बॅगेच्या तोंडापर्यंत २२-२५ सेंमी असेल तर हात आरामात जातो. थंड देशात राहत असाल तर जाड कोट घालूनच बघा, कमी लांबीचा पट्टा कोटावर चढतच नाही.

मुंबईत असाल तर धारावीत, सायन-बांद्रा लिंक रोडला लागून लेदरच्या दुकानांची रांग आहे, तिथे जाच. चामडं मुख्यतः चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून येतं आणि बॅगा आसपासच्याच कारखान्यांत शिवल्या जातात, त्यामुळे आत काय घातलंय हे विचारलं तर सांगणारा माणूस भेटतो, काही ठिकाणी आपल्या मापाची करूनही देतात, मग लेदर बोर्ड घाला, कोपरे दुहेरी करा असं आधीच सांगता येतं. ऑनलाइन घेणार असाल तर तळाचा, आतल्या कोपऱ्याचा आणि हँडलच्या मुळाचा फोटो मागा, फोटो न देणाऱ्याकडून घेऊ नका. बिलावर कोणतं लेदर ते लिहून घ्या, आणि चेन किंवा हँडल बदलून मिळेल का हेही तेव्हाच विचारून घ्या.

घरी आणल्यावर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. मलमलच्या किंवा जुन्या सुती पिशवीत, आत पांढरा कागद भरून, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून फळीवर उभी ठेवा. हँडलला धरून खुंटीला टांगू नका, आकार ओढला जातो. भिजली तर पुसून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा ड्रायरने नाही. खोबरेल तेल लावायचा सल्ला हमखास कुणीतरी देईल, तो ऐकू नका, चामडं काळवंडतं आणि मऊ पडतं, म्हणजे ज्या ताठपणासाठी पैसे दिले तोच जातो. तीन-चार महिन्यांतून एकदा बिनरंगी लेदर क्रीम, तेही आधी तळाला थोडंसं लावून बघून, एवढं पुरतं.