नीतिमान कोण? हा पाठ शिकवताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या आमच्या बायबल अभ्यासात ‘नीतिमान कोण?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: जो दारू-तंबाखूला शिवत नाही, उपासना चुकवत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असा माणूस भला असतो, यात शंका नाही. पण रविवार शाळेत किंवा तरुण संघात हीच व्याख्या मुलांना दिली, तर शास्त्राचा मोठा भाग त्यांच्यासाठी बंद होतो.

निर्व्यसनी म्हणजे नीतिमान, ही पहिली चूक

कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारा माणूस जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, नीतिमान ठरणं कठीण आहे. ईयोब 29 उघडा. आपलं नीतिमत्त्व सांगताना ईयोब काय काय सांगतो? टाहो फोडणाऱ्या गरिबाला सोडवलं, आंधळ्याचे डोळे झालो, अनोळखी माणसाच्या तंट्याची चौकशी केली, दुष्टाची दाढ फोडून त्याच्या तोंडची शिकार सोडवली. हा माणूस पुरता लोकांच्या अध्यात-मध्यात आहे.

मग अनुवाद 24:10-13 वाचून दाखवा, आणि सावकाश वाचा. एखाद्याला उसनं दिलं, तर गहाण वस्तू घ्यायला त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, तो स्वतः आणून देईल. माणूस गरीब असेल आणि त्यानं अंगावरचं पांघरूणच गहाण दिलं असेल, तर दिवस मावळताना ते परत करायचं, म्हणजे तो ते घेऊन झोपेल आणि तुम्हाला आशीर्वाद देईल. परमेश्वरासमोर हेच तुमचं नीतिमत्त्व ठरेल, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. कर्ज देऊ नका किंवा वसूल करू नका, असं हा नियम सांगत नाही. पण वसुली करताना समोरच्याच्या उंबऱ्याचा मान आणि त्याची रात्रीची झोप राखायला सांगतो. हप्ता थकल्यावर मायक्रोफायनान्सची माणसं दारात येऊन बसतात, हे ज्या घरानं सोसलंय, तिथल्या मुलांना याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

उत्पत्ती 38 आपण बहुतेकदा गाळतो. विधवा सुनेला, तामारेला, घराण्याकडून जे मिळायला हवं होतं, म्हणजे धाकट्या दिराशी लग्न, ते यहूदानं अडवून ठेवलं. मग ती वेश्येचं सोंग घेऊन त्याच्यापासूनच गरोदर राहते. शेवटी सगळं उघडं पडल्यावर तोच म्हणतो, ती माझ्यापेक्षा अधिक नीतिमान आहे. चारित्र्याच्या दाखल्यासारखं नीतिमत्त्व मोजलं, तर हे वाक्य घशाखाली उतरत नाही. ज्याचं ज्याला देणं लागतो ते दिलं का, या बाजूनं पाहिलं की यहूदाला काय उमगलं ते कळतं.

नीतिमत्त्व उपासनेपुरतं ठेवू नका

लेवीय 19:36 मध्ये तराजू आणि वजनं खरी ठेवा, अशी आज्ञा आहे. हिब्रूत तिथं वजनांनाही नीतिमत्त्वाचाच शब्द लावलाय. आमोस 8 मध्ये माप लहान करणाऱ्या आणि खोटा तराजू वापरणाऱ्या धान्यवाल्यांवर संदेष्टा तुटून पडतो. उसाच्या गाडीची काटामारी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक आहे. त्याला हा भाग याच शब्दात सांगा.

आमोस 5:24 मात्र आपल्याकडे पटकन वाचून होतो. न्याय पाण्यासारखा वाहो, नीतिमत्त्व बारमाही ओढ्यासारखं वाहो. पंचगंगेकाठच्या माणसाला बारमाही पाण्याचं नवल नाही. आमोसाच्या मुलखात पावसाळा सरला की कित्येक ओढे कोरडे पडतात, तेव्हा न आटणारा ओढा म्हणजे जीवच. आणि हे वाक्य येतं, ते तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गीतं दूर करा, असं देवानं सुनावल्यावर.

देवाचं नीतिमत्त्व म्हणजे फक्त शिक्षा नव्हे

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर यालाही बराच काळ ते शिक्षाच वाटत होतं. रोम 1:17 मधल्या ‘देवाचं नीतिमत्त्व’ या शब्दांचा आपल्याला तिटकारा होता, असं त्यानं 1545 मध्ये लिहिलं. पुढे त्याला उमगलं, की हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल इथं देव माणसाला विश्वासाच्या द्वारे जे देतो त्याबद्दल बोलतोय. पण याची खूण जुन्या करारातही आहे. यशया 46:13 आणि 51:5 मध्ये देवाचं नीतिमत्त्व आणि त्याचं तारण जोडीनं येतात. म्हणून ‘जुन्या करारात नियम, नव्या करारात कृपा’ अशी वाटणी फळ्यावर करू नका. पौल स्वतः जुन्या करारातल्या अब्राहामाचा, दाविदाचा आणि हबक्कूक संदेष्ट्याचा आधार घेतो.

कॅथलिक शेजाऱ्यांबद्दल ‘ते कर्मांनी तारण मानतात’ असं मुलांना शिकवणंही सोडा. 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्ग इथं लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी एकत्र सह्या करून जाहीर केलंय, की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं, आपल्या पुण्याईनं नव्हे.

वचनं एकमेकांना छेदतात असं वाटलं तर

माणूस नीतिमान कशानं ठरतो? पौल म्हणतो विश्वासानं, नव्या करारातल्या पत्राचा लेखक याकोब म्हणतो कृतीनं, आणि दोघेही उत्पत्ती 15:6 चाच दाखला देतात. अशा वेळी घटनांचा क्रम लावा. पंधराव्या अध्यायात अब्राहामानं वचनावर भरवसा ठेवला. सुंता सतराव्यात झाली, त्यामुळे विश्वास आधी, हा पौलाचा मुद्दा (रोम 4). मुलगा इसहाक याला अर्पण करायला अब्राहाम निघाला, तो प्रसंग बाविसाव्यात येतो. तोच भरवसा तिथं कृतीत उतरला, हा याकोबाचा मुद्दा.

स्तोत्र 7 मध्ये ‘माझ्या नीतिमत्त्वाप्रमाणे माझा न्याय कर’ आणि 143 मध्ये ‘तुझ्यासमोर कोणीही जिवंत मनुष्य नीतिमान ठरणार नाही’, यावर मुलं हमखास अडतात. सातव्यात एका ठरावीक खोट्या आरोपाचं उत्तर आहे: हे मी केलेलं नाही. 143 मध्ये माणूस देवासमोर उघडा उभा आहे. तिथं दुसऱ्या ओळीआधी पहिली वाचायला लावा: ‘तुझ्या नीतिमत्त्वाला अनुसरून मला उत्तर दे.’ न्यायनिवाड्यातून सुटण्यासाठी तो ज्याचा आसरा घेतोय, ते देवाचं नीतिमत्त्वच आहे.