ऑफिसातल्या सगळ्या पीसीवर सायलेंट इन्स्टॉल, लायसन्ससकट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचे ३५ पीसी मी बघतो. डिझाईनवाले, अकाउंट्स, स्टोअर, गेटवरचा एक. आधी सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं की पेनड्राईव्ह घेऊन टेबलाटेबलाला जायचं, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं, कागदावरची लायसन्स की टाइप करायची, दोन दिवस त्यातच. आता रात्री सगळ्यांना रिमोट रीस्टार्ट देतो आणि ग्रुप पॉलिसीतली (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम लागणारी सेटिंग) स्टार्टअप स्क्रिप्ट, म्हणजे पीसी चालू होताना आपोआप चालणारी, काही न विचारता सगळं करते, हेच सायलेंट इन्स्टॉल.

पहिल्यांदा इन्स्टॉलर कुठल्या जातीचा ते बघा. एमएसआय (विंडोजचं स्वतःचं इन्स्टॉल पॅकेज) असेल तर सोपं, ते चालवणाऱ्या एमएसआयएक्झेक कमांडला स्लॅश क्यूएन, स्लॅश नोरीस्टार्ट आणि लॉगसाठी स्लॅश एल स्टार व्ही. इनो सेटअप या टूलने बनवलेला असेल तर स्लॅश व्हेरीसायलेंट, एनएसआयएस या टूलवाल्याला नुसतं स्लॅश एस, पण एस कॅपिटलच, स्मॉल टाकलं की खिडकी उघडते. नोरीस्टार्ट विसरू नका हं, मी एकदा दुपारी एका पीसीवर ट्रायल घेताना विसरलो आणि अकाउंट्समधून हाक आली, ‘ओ अण्णा, मशीन आपआप बंद झालं की ओ!’ त्यांची अर्धी एंट्री गेली, मला फार वाईट वाटलं.

स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टम अकाउंटवर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर चालते, त्याला तुम्ही जोडलेला सर्व्हरचा झेड ड्राइव्ह दिसत नाही. सेटअपचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या, दोन बॅकस्लॅश आणि सर्व्हरचं नाव, आणि त्या फोल्डरला डोमेन कॉम्प्युटर्स ग्रुपला (डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरखाली जोडलेले सगळे पीसी) रीड परमिशन द्या. आणि अशा स्क्रिप्टला डिफॉल्ट ६०० सेकंदच मिळतात, कॅडसारखं मोठं सॉफ्टवेअर मधेच तुटतं, तेव्हा पॉलिसीत ती वेळ आधी वाढवून घ्या.

सॉफ्टवेअर आधीच आहे का ते रजिस्ट्रीच्या (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) अनइन्स्टॉल कीमध्ये, म्हणजे त्या नावाच्या कप्प्यात तपासा, ३२ बिटवाल्यांची जागा वेगळी असते तीही बघा. नेटवर बरेच जण विंडोजचा विन३२ प्रॉडक्ट क्लास (इन्स्टॉल असलेल्यांची यादी देणारा) वापरायला सांगतात, ते नको, त्याने प्रत्येक एमएसआय पॅकेजची तपासणी सुरू होते, कधी रिपेअरपण होतं, पीसी रेंगाळतो.

आता लायसन्स, इथं मी खरा अडकलोय. विंडोजची की टाकायला एसएलएमजीआर (विंडोजची लायसन्सची स्क्रिप्ट) थेट चालवलं तर शेवटी ओकेचा बॉक्स येतो, सिस्टम अकाउंटवर तो कुणालाच दिसत नाही आणि स्क्रिप्ट तिथंच बसून राहते, मी पाऊण तास नेटवर्कची वायर तपासत होतो! म्हणून नेहमी सीस्क्रिप्टमधून (बॉक्स न दाखवता कमांड लाईनवर उत्तर देतं) चालवा, स्लॅश आयपीकेने की, मग स्लॅश एटीओने अ‍ॅक्टिव्हेशन. आधीच अ‍ॅक्टिव्ह असेल तर पुढं जायचंच नाही अशी अट घाला, कारण एमएके कीला (अनेक पीसींना चालणारी एकच की) किती वेळा वापरायची त्याचा ठरावीक आकडा असतो आणि फॉरमॅट मारून परत अ‍ॅक्टिव्हेट केलं की तो परत खर्च होतो. केएमएसला (ऑफिसातल्याच सर्व्हरवरून लायसन्स चालू करायची पद्धत) विंडोजचे किमान २५ पीसी लागतात, निपाणी-खानापूरकडच्या १० पीसीवाल्या सोसायटीला ते जमायचं नाही, एमएकेच घ्या. केएमएसचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, साइटवर फिरणारा लॅपटॉप मधेमधे ऑफिसच्या नेटवर्कला लावायला सांगा. की मात्र नेटलॉगॉनमधल्या (सर्व्हरवरचं शेअर फोल्डर) स्क्रिप्टमध्ये लिहू नका, डोमेनमधला कुणीही ती वाचू शकतो.

एक्झिट कोड, म्हणजे इन्स्टॉलर शेवटी देतो तो आकडा, पीसीच्या नावासकट सर्व्हरवरच्या फाईलमध्ये लिहून घ्या, स्क्रीनवर तर काहीच दिसत नाही, तेवढाच आधार. त्या एका फोल्डरला कॉम्प्युटर्सना राइटपण लागतं. ० म्हणजे झालं, ३०१० म्हणजे झालं पण रीस्टार्ट पाहिजे, १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉल चालू आहे, थोड्या वेळाने परत. १६०३ (इन्स्टॉल फसलं) आला तर लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा, त्याच्या वरच्या ओळींत कारण असतं.

सगळ्यांना लावायच्या आधी तीन पीसीवर बघा, एक डिझाईनचा, एक अकाउंट्सचा आणि एक स्टोअरमधला जुना, जिथं मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग चालतं. सकाळी फाईल उघडून ३५ नावं मोजा. जे नावच नाही तो पीसी रात्री बंद होता, लाईट गेली असेल नाहीतर कुणी बोर्डाचं बटण बंद केलं असेल, तो चालू झाला की स्क्रिप्ट तेव्हा चालेल, दुपारी परत एकदा फाईल बघा.