ओपन इलेक्टिव्ह निवडताय? या चुका टाळा

प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलापाशी एक प्रश्न हमखास येतो: "सर, यातला सोपा कुठला?" विचारणं ओपन इलेक्टिव्हबद्दल (ओई), म्हणजे मुख्य विषयाच्या शाखेबाहेरून निवडायच्या पेपरबद्दल असतं आणि मला दर वेळी वाईट वाटतं. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक, लागतात. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर ठरलेले, भाषा आणि मूल्यशिक्षणाचेही बहुतेक ठरलेले. निव्वळ आवडीखातर दुसऱ्या शाखेतलं काही शिकायची जागा उरते ती या 10-12 क्रेडिटची. तीसुद्धा 'मार्क सुटतात' एवढ्यावर देऊन टाकायची?

पहिली चूक नियमाची, आणि ती दर वर्षी होते. नव्या शैक्षणिक धोरणासाठी राज्याने 2023 मध्ये जो आराखडा ठरवला, त्यात ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यायचा आहे. मेजर फिजिक्स असेल तर केमिस्ट्री ओई म्हणून चालत नाही. ती हवी असेल तर मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून पाहा, कारण मायनर त्याच शाखेतला असू शकतो. या दोघांत गल्लत झाली की फॉर्म परत येतो आणि तोवर चांगल्या विषयांच्या जागा भरलेल्या असतात.

सगळ्यांत महाग पडते ती नाव वाचून केलेली निवड. 'फिल्म अप्रिसिएशन' म्हणजे वर्गात बसून सिनेमे बघायचे, असं मुलं धरून चालतात. मग कॅमेऱ्याचे कोन आणि संकलनावर लिहायची वेळ आली की कंटाळतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सिलॅबस उतरवून घ्या आणि दोन गोष्टी वाचा: युनिट कोणती आहेत, आणि इंटर्नलला, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाला काय करून द्यायचं आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटचा पेपर अवघ्या 30 तासांचा. एवढ्या वेळात सगळा विषय येत नाही, पण एखादी गोष्ट मन लावून करता येते. ती करायला मिळणार का, हे इंटर्नलच्या ओळीवरून कळतं.

माझ्या वर्गात कॉमर्सची एक मुलगी लोकसाहित्याला आली होती. प्रकल्पासाठी तिने आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि त्यांत बाजार, दागिने, माहेरची देणीघेणी कुठे कुठे येतात ते शोधलं. हिशेबाची नजर तिच्याकडे होतीच, ती ओव्यांवर पडली. मराठीच्या कुठल्या विद्यार्थ्याला हे सुचलं नसतं. उलट बाजूने, बीएच्या मुलांनी गणिताच्या भीतीने प्राथमिक संख्याशास्त्र टाळू नये, असं मला मनापासून वाटतं. बातमीतली टक्केवारी कशाची टक्केवारी आहे हे विचारायला तिथे शिकायला मिळतं.

मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. तिची मेजर वेगळी असेल, तर टाइमटेबलही वेगळं.

टाइमटेबलवरून आठवलं, सायन्सच्या मुलांनी प्रॅक्टिकलच्या वेळा आधी पाहाव्यात. दुपारचा ओई आणि लॅब एकाच वेळी आले की हजेरी कुठल्या तरी एकीकडे कमी पडतेच. शिवाय पुरेशी मुलं नसली तर कॉलेज तो पेपर चालवत नाही, म्हणून दुसरी-तिसरी पसंतीसुद्धा आवडीचीच लिहा.

चुकीचा पेपर घेतलाच, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत विभागात लेखी अर्ज द्या. बदलाची मुदत प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. ती नोटीस बोर्डावर बघा. परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर मग काही होत नाही.

कॉलेजात मनासारखं काहीच नसेल, तर 'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे. यूजीसीच्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. मात्र नाव नोंदवण्याआधी कॉलेजची मान्यता घ्या, नाहीतर प्रमाणपत्र हातात येऊनही क्रेडिट गुणपत्रिकेवर चढत नाहीत. परीक्षेची नोंदणी आणि शुल्क वेगळं असतं. नुसते व्हिडिओ बघून क्रेडिट मिळत नाही. आणि एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधला तुमचा क्रमांक काढताना आधारवरचं नाव व कॉलेजच्या नोंदीतलं नाव अक्षरशः जुळतंय का ते तपासा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून क्रेडिट अडकतात. ही दुरुस्ती पहिल्याच सत्रात करून घ्या, कारण शेवटच्या वर्षी त्यासाठी खेटे घालणारी मुलं मी पाहिली आहेत.