तेलाची विहीर खोदणाऱ्या रिगवर पहिल्यांदा निघालाय? एवढं वाचून जावा

भावांनो, आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावकडची आयटीआय झालेली पोरं रिगवर जायला लागलीत म्हणून लिहितोय. एजंटला पैसे देऊ नका, माझे चाळीस हजार बुडालेत. मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर जायचं तर हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर कसं यायचं याचं ट्रेनिंग आधी करा.

आता खरं महत्त्वाचं. आपल्याकडं बोअर मारताना काळ्या दगडाचा चुरा हवेनं उडवतात, तेलाच्या विहिरीत मात्र मड, म्हणजे चिखलासारखा घट्ट द्रव सोडतात, त्यात बराइट ही जड खनिजाची पूड घालून जड करतात आणि त्या वजनानं खालचा गॅस दबून राहतो. पंप बंद केल्यावरबी मड वर येतोय किंवा मडच्या टाकीची लेव्हल वाढतीय म्हणजे गॅस आत शिरतोय, मग नवीन हाय म्हणून लाजायचं नाही, लगेच ड्रिलरला, म्हणजे खोदाईचं मशीन चालवणाऱ्याला ओरडून सांगायचं.

सडक्या अंड्याचा वास आला आणि गेला म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही, तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसचा, तो वाढला की नाकाला वासच कळत नाही. गॅसचा मीटर वाजला की विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघा, वारा जिकडनं येतोय तिकडं पळा. मोबाईल, लायटर खोलीतच ठेवा.