जखमी मांजराला कसे वाचवावे आणि घरचे मांजर घरातच सुरक्षित कसे ठेवावे

जखमी मांजर दिसले की हात आपोआप पुढे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. वेदनेने भेदरलेले मांजर ओळखीच्या माणसालाही कडकडून चावते, आणि त्याचे बारीक सुळे खोल रुतल्यामुळे वरची जखम लगेच मिटून जंतू आतच कोंडले जातात. म्हणून आधी दोन मिनिटे लांबूनच पाहावे. मांजर शुद्धीवर आहे का, रक्त कुठून येते आहे, कोणत्या पायावर ते भार टाकत नाही, आणि मुख्य म्हणजे श्वास कसा घेते आहे, हे बघावे. कुत्र्याने तोंड उघडून धापा टाकणे नेहमीचे असते, पण मांजर तसे करू लागले किंवा त्याच्या हिरड्या पांढुरक्या वा निळसर दिसल्या, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. जखमी प्राणी रस्त्यावर असल्यास आधी वाहनांना थांबण्याची खूण करावी आणि मगच पुढे व्हावे.

उचलताना

समोरून, डोळ्यांत रोखून पाहत जाऊ नये; खाली बसून, हळू आवाजात बोलत बाजूने सरकावे. जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकावा, नाक मोकळे राहील हे पाहावे आणि एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली घालून मांजर टॉवेलसकट खोक्यात ठेवावे. मोठ्या मांजराला मानेची कातडी धरून लोंबकळत उचलू नये. मागचे पाय निर्जीव वाटत असतील तर मणक्याला मार बसला आहे असेच समजावे आणि त्याला न वाकवता एखाद्या सपाट फळीवर हळूच सरकवून घ्यावे. खोक्याला हवेसाठी भोके पाडून झाकण लावावे, कारण अंधारात मांजर शांत होते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर सलग पाच मिनिटे दाबून धरावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. जखमेत रुतलेली वस्तू उपसू नये, मोडलेला पाय सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि धक्क्याने ते झपाट्याने उतरते, म्हणून कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने खाऊ-पिऊ घालू नये.

एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो: माणसाची वेदनाशामक गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नष्ट होते आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

आपल्याला चावा बसला किंवा ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.

उंचावरून पडलेले मांजर चालत असले, तरी त्याला तपासून घ्यावेच. मी एकदा सोडवलेले मांजर पडल्यावर स्वतःच्या पायांनी कपाटाखाली जाऊन बसले आणि नुसते घाबरलेले वाटले. संध्याकाळी त्याची बरगडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाऊ लागली, तेव्हा छातीला मार बसला असल्याचे कळले.

घरात ठेवताना

मांजर तोल सांभाळते म्हणून ते पडत नाही, हा समज फार महागात पडतो. खिडकीत बसलेले मांजर पक्षी दिसताच कसे बदलते ते पाहावे: शेपटीचे टोक थरथरते, जबडा कटकट वाजतो, आणि त्या क्षणी त्याला पक्ष्याखेरीज काहीही, अगदी पायाखालचा कठडासुद्धा दिसत नाही. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उपचारांसाठी आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली, पण त्यावरून निर्धास्त होऊ नये. जागीच दगावलेली मांजरे दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि जगलेल्यांपैकीही बहुतेकांच्या छातीला इजा झाली होती.

म्हणून मांजर घरी आणण्याआधी खिडक्या आणि गॅलरी जाळीने बंद कराव्यात. नायलॉनची जाळी दातांनी तुटू शकते, तारेची अधिक टिकते. जाळी बसवल्यावर प्रत्येक कोपरा तळहाताने जोर देऊन दाबून पाहावा, कारण जिथून डोके जाते तिथून मांजराचे सगळे अंग जाते.

नव्याने आणलेले मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, म्हणजे त्याचा आजार घरच्या मांजरांना लागत नाही. ते सलग दोन दिवस काहीच खात नसेल, तर रुसले आहे म्हणून सोडून देऊ नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते.

चार भिंतींत ठेवायचे तर बाहेरचे काही तरी आत द्यावे लागते. चढून बसायला उंच फळी, पूर्ण अंग ताणून नखे घासता येईल असा भक्कम खांब, दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे शिकारीसारखा खेळ आणि खेळ संपताच खाणे, एवढे मिळाले की दाराशी ओरडणे बरेच कमी होते. नसबंदी केल्यावर बाहेर पळण्याची ओढही ओसरते. जितकी मांजरे त्याहून एक जास्त, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे ठेवावा आणि तो रोज साफ करावा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे. लिलीची फुले घरात आणूच नयेत, त्यांचे परागकणही मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. सुईदोरा बंद डब्यात ठेवावा, आणि गिळलेला दोरा तोंडातून लोंबत असेल तर तो ओढू नये, आतडे कापले जाते.

मांजर न्यायची पेटी माळ्यावर टाकू नये. तिच्यात मऊ कापड अंथरून ती कोपऱ्यात कायम उघडी ठेवावी. रोज तिथेच झोपणारे मांजर दवाखान्यात न्यायच्या दिवशी स्वतःहून आत जाते आणि आपल्याला फक्त दार लावावे लागते.