शुगर ग्लायडरचं पिल्लू आईपासून कधी वेगळं करावं?

‘पिल्लू तीन महिन्यांचं आहे, घेऊन जा’ असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: तीन महिने कधीपासून? जन्मापासून की थैलीबाहेर आल्यापासून? या एका प्रश्नावर पिल्लू जगणार की नाही, हे बरंचसं ठरतं.

ग्लायडर खारीसारखा दिसतो, पण खारीच्या कुळातला नाही. कांगारूसारखाच पोटावर थैली असलेला हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा. (आपल्या विदर्भाच्या जंगलातली उडती खार हा वेगळाच प्राणी. ती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित आहे आणि ती पकडणं, विकणं वा पाळणं गुन्हा आहे. ती किलो-दीड किलोची असते, ग्लायडर पूर्ण वाढला तरी 80 ते 160 ग्रॅमचा. तेव्हा गफलत व्हायचं कारण नाही.) मादी फक्त 15 ते 17 दिवस गाभण असते. जन्मलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं, वजन जेमतेम 0.2 ग्रॅम. ते स्वतःच सरपटत थैलीत शिरतं, सड तोंडात धरतं आणि पुढचे साधारण 70 दिवस तिथंच वाढतं. हा जन्म सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून जाणकार जन्मतारीख धरतच नाहीत. पिल्लू अख्खं थैलीबाहेर दिसलं, तो दिवस शून्य. पाळणाऱ्यांच्या बोलीत या दिवसापासून मोजलेल्या वयाला ‘ओओपी’ (आउट ऑफ पाउच, म्हणजे थैलीबाहेर) म्हणतात.

आता हिशोब करा. जन्मापासून 90 दिवसांचं पिल्लू म्हणजे थैलीबाहेर येऊन जेमतेम तीन आठवडे झालेलं, अजून आईच्या दुधावरचं. तेच थैलीबाहेर येऊन तीन महिने झालेलं असेल तर ते खुशाल नवीन घरी जाऊ शकतं. शब्द तेच, पिल्लं दोन टोकांची.

नेमकं उत्तर असं: ओओपी 8 आठवड्यांच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. 10 आठवडे चांगले. जुळ्यातलं लहान किंवा अंगानं किरकोळ पिल्लू असेल तर 12 आठवडे थांबावं. आणि हे आठवडे पुरे झाले की पिल्लू तयार झालं असं नव्हे. त्यानंतर परीक्षा सुरू होते.

आठवड्यांची खूण

तारीख लिहून ठेवलेली नसेल तर पिल्लाकडे बघून अंदाज येतो. पहिल्या आठवड्यात अंगावर लव विरळ, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. पिल्लू आईला घट्ट धरून असतं. साधारण दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवरचा काळा पट्टा उठून दिसतो, अंगावरचे केस दाट होतात, पिल्लू आईच्या किंवा बापाच्या पाठीवर बसून हिंडतं. आई चरायला बाहेर पडली की बाप घरट्यात पिल्लाला ऊब देत बसतो. या प्राण्यात बापाचं काम मोठं असतं, म्हणून ‘आता याची गरज काय’ म्हणून नराला बाजूला काढू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आईच्या वाटीत तोंड घालून चाटणं सुरू होतं. नेमका इथंच विकणाऱ्याचा धीर सुटतो: ‘खायला लागलं की!’ चाटणं म्हणजे पोट भरणं नव्हे. या वयात पोषण अजून दुधातूनच मिळत असतं.

आठव्या आठवड्याच्या सुमारास शेपटी फुगीर, बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसते. शेपटी अजून उंदरासारखी बारीक असेल तर विकणारा काहीही वय सांगो, पिल्लू लहान आहे.

काटा आणि वाटी

वजनासाठी सराफी काटा घ्या, 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटाही चालतो, पण 40-50 ग्रॅमच्या जिवात 1 ग्रॅमला किंमत असते. पिल्लू हलतं, म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात कापडाचा तुकडा घाला, काटा शून्यावर आणा आणि मग पिल्लू आत ठेवा. वेळ रोज एकच, संध्याकाळी खाणं द्यायच्या आधी. आईबापांच्या आकारानुसार पिल्लांची वजनं बरीच वेगळी असतात, त्यामुळे ‘अमुक ग्रॅम झालं म्हणजे तयार’ हा नियम फसवा आहे. बघायचं एवढंच: सलग 10 दिवसांत आकडा चढतोय का? दोन दिवस ओळीनं घसरला तर पिल्लू हलवायचा विचार पुढे ढकला.

वाटीची परीक्षा आठव्या आठवड्यानंतरच घ्यायची. आईबापांच्या पिंजऱ्याला चिकटून छोटा पिंजरा ठेवा, म्हणजे वास आणि आवाज दोन्ही पोचतात. पिल्लाला त्याच्या भावंडासोबत, घरट्यातल्या वापरलेल्या फ्लीसच्या (मऊ, उबदार कापडाच्या) तुकड्यासह, रात्री 8 ते सकाळी 6 तिथं ठेवा. मोठा ग्लायडर रोज स्वतःच्या वजनाच्या 15 ते 20 टक्के खातो. तोच माप धरला तर 50 ग्रॅमच्या पिल्लाला साधारण 8 ते 10 ग्रॅम लागतं. वाटीत 12 ग्रॅम ठेवा. दोन पिल्लं असतील तर दुप्पट ठेवून सरासरी काढा.

नागपुरात एक गोष्ट हमखास विसरली जाते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की रात्रभरात वाटीतलं खाणं नुसतंच वाळतं, आणि सकाळी वजन कमी भरलं की पिल्लानं खाल्लं असं वाटतं. म्हणून तेवढंच खाणं असलेली दुसरी वाटी पिंजऱ्याबाहेर, पिल्लाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. बाहेरची 12 वरून 9 ग्रॅमवर आली आणि आतली 3 वर, तर पिल्लानं 9 ग्रॅम खाल्लेलं नाही. 6 ते 8 खाल्लं. दुसरी फसगत चोथ्याची. ग्लायडर फळ चावून रस शोषतो आणि चोथा थुंकतो. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले ते वाळके गोळे वेचून उरलेल्या खाण्यात मोजा.

सलग दोन रात्री पिल्लानं पोटभर खाल्लं, नळीच्या बाटलीतून पाणी चाटलं, सकाळचं वजन 1-2 ग्रॅमहून जास्त घटलं नाही आणि लेंडी घट्ट आली, तर ते तयार आहे. रात्रभर नुसतंच ओरडत बसलं तर परत आईजवळ सोडा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. पिल्लं घाबरली की मोटार घरघरल्यासारखा कर्कश आवाज काढतात. तो राग किंवा खोड समजू नका. पण रात्रभर तो आवाज थांबलाच नाही तर घाई झाली आहे, एवढं समजा.

लवकर नेलं तर

चौथ्या-पाचव्या आठवड्यात नेलेलं पिल्लू बहुतेक वेळा तीन कारणांनी जातं: अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं आणि थंडी. इतक्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा रात्री एकटं पिल्लू थंडगार, निपचित पडतं आणि मेलंच असं वाटतं. आधी हाताच्या ओंजळीत, कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्या. अंग गरम व्हायच्या आधी तोंडात काही घालू नका. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर पाणी कमी झालेलं आहे. घरी वाट बघत बसू नका.

या टप्प्यावर घरोघरी एकच उपाय केला जातो: कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध. तो करू नका. गाईच्या दुधानं जुलाब लागतात, आणि बोळ्यातून किंवा ड्रॉपरमधून जोरानं पडलेला थेंब फुफ्फुसात जातो. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर त्यातल्या त्यात बरी; पण तीही डॉक्टरांनी प्रमाण सांगितल्यावर, पिल्लू पालथं धरून, थेंब-थेंब चाटवतच.

‘लहान असताना नेलं की जास्त लळा लागतो’ हे विकण्यासाठी बनवलेलं वाक्य आहे. लळा लावायचा तर पिल्लू आईबापांकडेच असताना, चौथ्या आठवड्यानंतर, रोज 5-10 मिनिटं हातात घ्या. आईबाप हाताला सरावलेले असतील तर ते तक्रार करत नाहीत. मात्र पहिले दोन आठवडे पिंजऱ्याची जागा बदलणं, पाहुण्यांना दाखवणं, घरट्याची पिशवी धुणं यातलं काहीच नको. बिथरलेली किंवा प्रथिनं कमी पडलेली मादी पिल्लू टाकून देते, कधी खाऊनही टाकते.

कॅल्शियम

उशिरा, नीट वाढवून दिलेलं पिल्लूही नव्या घरी महिनाभरात मागचे पाय ओढायला लागतं, त्यामागे बहुतेक वेळा कॅल्शियमची कमतरता असते. खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. संत्री आणि पपई यात बसतात. नागपूरकराला संत्री शोधत फिरावं लागत नाही. पिल्लाला बिया काढलेली एक फोड पुरे, कारण आंबटाचा अतिरेक जुलाबाला निमंत्रण देतो. केळं, मका आणि डाळी यात फॉस्फरसच जास्त, तशाच दुकानात मिळणाऱ्या वाळक्या अळ्या. पिल्लं अळ्यांवर तुटून पडतात, म्हणून मालक त्या वाढवत जातात आणि मागचे पाय लुळे पडतात. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर डॉक्टरांना विचारून रोजच्या खाण्यात मिसळा. चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, फळांच्या बिया पूर्ण बंद.

आईबाप जे खात होते तेच पहिले 10 दिवस द्यायचं. देणाऱ्याकडून चार-पाच दिवसांचं खाणं गोठवून आणि त्याची कृती लिहून घ्या. ‘फळं खातं, काहीही द्या’ असं सांगणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये.

उशीरही महागात पडतो

चौथ्या महिन्यापलीकडे पिल्लू आईबापांच्या पिंजऱ्यात राहिलं तर वेगळ्या अडचणी येतात. मादी पुन्हा विते, पुढची पिल्लं थैलीबाहेर येतात आणि बाप वयात येणाऱ्या नर पिल्लावर धावतो. शिवाय बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या जमतात. नर-मादी ओळखणं सोपं आहे: नराच्या पोटावर, बेंबी असते तिथं, केसाळ गोळी दिसते; मादीच्या पोटावर थैलीची चीर. बापाची नसबंदी केलेली असेल तर कुटुंब एकत्र राहू शकतं. नर पिल्लाची नसबंदी साधारण 4-5 महिन्यांपासून करता येते, पण त्यासाठी लहान प्राण्यांना भूल द्यायची सवय असलेला डॉक्टर हवा.

आणि एकटं पिल्लू देऊ नका, घेऊही नका. हा कळपानं राहणारा प्राणी आहे. एकटा राहिला की अंगावरचे केस उपटतो, कधी शेपटी किंवा पायच कुरतडतो. माणसाची दोन तासांची सोबत भावंडाची जागा घेत नाही. दोन बहिणी, किंवा बहीण आणि पुढे नसबंदी करायचा भाऊ, अशी जोडी द्यावी.

नेण्याचा दिवस

ग्लायडरला 24 ते 27 अंश मानवतात. 32 च्या वर तो धापा टाकतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पलीकडे जातो, म्हणून शक्य असेल तर नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) उलटेपर्यंत पिल्लू हलवूच नये. हलवावंच लागलं तर पहाटे निघून 8 वाजेच्या आत घरी. दुचाकीच्या डिकीत कधीच नाही. छोटा कडक पेटारा, आत फ्लीसची पिशवी, आईबापांच्या वासाचा कापडाचा तुकडा आणि तहान भागवायला सफरचंदाची किंवा संत्र्याची फोड. वर्धा किंवा अमरावतीपर्यंत एवढं पुरतं. टॉवेल घालू नका. त्याच्या फासांत नखं अडकून बोट मोडतं.

घरी पिंजरा आधीच लावलेला असावा: किमान 60 × 60 × 90 सेंटिमीटर, दोन सळ्यांत 12 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर. कूलर असलेल्या खोलीत ठेवायला हरकत नाही, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको; ओल्या वाऱ्यात पिल्लू गारठतं. गोड खाण्यामुळे पहिल्याच रात्री मुंग्या लागतील. मुंग्यांचा खडू, स्प्रे, डासांची कॉइल यांतली औषधं या प्राण्याला बाधतात. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि सकाळी 7 च्या आत उरलेलं खाणं उचला.

पहिल्या आठवड्यात वजन रोज लिहा. निघतानाच्या वजनापेक्षा 10 टक्क्यांनी घटलं, म्हणजे 50 चं 45 झालं, किंवा लेंडी पातळ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं किंवा खासगी दवाखान्यात, जिथं जाणार असाल तिथं, पिल्लू आणण्याआधीच फोन करून ग्लायडर बघतात का हे विचारून ठेवा. घरात आधीचे ग्लायडर असतील तर नव्यांचा पिंजरा 30 दिवस वेगळ्या खोलीत, आणि आधी जुन्यांचं खाणंपिणं उरकून मग नव्यांना हात लावायचा.