गच्ची गळतेय? केमिकलचा डबा आणायच्या आधी एवढं करा

मार्च-एप्रिल आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वरच्या मजल्यावाल्यांचे फोटो यायला लागतात. छताला पोपडे, पंख्याभोवती पिवळट डाग, कपाटामागच्या भिंतीला लोणा. आणि फोटोखाली कोणीतरी लगेच एखाद्या डब्याचं नाव टाकतंच, "हा मारा, आम्ही मारला, एक थेंब नाही." आता डबा वाईट नसतो हो, पण पाणी नेमकं शिरतंय कुठून हे न बघता मारलेला डबा म्हणजे एक-दोन पावसाळ्यांची सोय, त्यानंतर तोच डाग परत, फक्त थोडा मोठा. माझं मत विचाराल तर गच्चीच्या कामात आधी पावसाच्या पाइपाचं तोंड, मग उतार, मग कडेचे वाटे (गच्ची-कठड्याच्या सांध्यातली गोलाई), आणि कोटिंगचा नंबर त्यानंतर. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

आधी ठरवा, हे गच्चीचंच पाणी आहे का

साधा प्रश्न विचारा, डाग उन्हाळ्यात पण ओला असतो का? एप्रिलच्या भर उन्हात छत ओलं लागत असेल तर तो पाऊस नव्हे, वरची टाकी, सोलरचा पाइप नाहीतर वरच्या फ्लॅटचं बाथरूम. अशा वेळी एकेक लाइनचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून बघायचं, आणि डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. रेघेच्या बाहेर ओल गेली की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं, नुसत्या नजरेने कळत नाही, कारण रोज बघून आपल्याला तो डाग तेवढाच वाटतो.

पावसाचंच पाणी असेल तर पुढचा प्रश्न, पाऊस थांबल्यावर ठिपकणं किती वेळ चालतं? लगेच थांबत असेल तर वर कुठेतरी सरळ चीर आहे. पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले तरी टपटप चालू असेल तर कोब्यात पाणी भरलंय. आपल्याकडच्या बऱ्याच गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंच कोबा असतो, तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ठिपकतंय पंख्याच्या हुकापाशी म्हणून भोक पंख्याच्या वर नसतं. पाणी कोब्यातून खाली येतं, कोबा आणि स्लॅबच्या मधून उतार मिळेल तिकडे सरकतं, आणि वायरिंगचा पाइप किंवा पंख्याचा बॉक्स सापडला की तिथून खाली उतरतं. शिरलं दहा फुटांवर, पडलं तुमच्या बेडवर असं सर्रास होतं. म्हणून डागाच्या बरोबर वरचा चार बाय चारचा तुकडा फोडून तेवढाच करून देणारा मिस्त्री स्वस्त वाटला तरी नको.

(छताचा दिवा किंवा पंखा ओल्या भागात असेल तर त्या सर्किटचा एमसीबी (मीटरबोर्डावरचा खटका) आत्ताच पाडून ठेवा, बाकी लेख मग वाचा.)

खर्च कोणाचा, हे कामाच्या आधी

वरच्या मजल्यावाल्याला नेहमीचं ऐकवलं जातं, "गच्ची तुमच्या डोक्यावर, तुम्हीच करा." तसं नाहीये. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम) सामायिक गच्ची, कठडा आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीच्या खर्चाची कामं आहेत, सगळ्यांच्या वर्गणीतून. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती मात्र ज्याची त्याने करायची, म्हणजे वरच्याच्या बाथरूममुळे तुमचं छत ओलं झालं तर दुरुस्ती वरच्याने करून द्यायची. सेक्रेटरीला तोंडी सांगून भागत नाही, फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बिल्डिंग नवी असेल तर अजून बरं. २०१६ च्या रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्यातल्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. या ५ वर्षांत सोसायटीने स्वतःहून गच्ची फोडली तर मग बिल्डर म्हणणार तुम्हीच बिघडवली, म्हणून आधी नोटीस, हात लावणं नंतर. आणि बिल्डिंग जुनी असेल तर उपविधींतच स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सांगितलंय, १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीला दर ५ वर्षांनी, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. छताच्या खालून सळ्या दिसायला लागल्या असतील, गंजाचे तांबूस डाग असतील, किंवा हातोडीच्या दांड्याने टकटक केल्यावर भद्द आवाज येत असेल तर वॉटरप्रूफिंगवाला नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यावर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे गंज आत कोंडून ठेवणं.

गच्चीवर चढा आणि हे बघा

पहिलं पाइपाचं तोंड. गळतीची सगळ्यात लाडकी जागा हीच. जाळीवर पानं, कबुतरांची पिसं, दिवाळीतल्या फटाक्यांचा कागद अडकलेला असतोच, तो काढा, पण खरी गोम पुढे आहे. पावसाचा पाइप कठड्यातून नुसता घुसवलेला असतो आणि भोवती सिमेंट थापलेलं असतं. प्लास्टिकचा पाइप आणि सिमेंट दोघं उन्हात वेगवेगळे फुगतात-आकसतात, सांध्याला चीर पडते, आणि गच्चीभरचं पाणी नेमकं त्याच चिरेवरून जातं. नखाने खरवडून बघा, पाइप आणि सिमेंटच्या मधे नख शिरत असेल तर तुमची निम्मी तपासणी तिथेच झाली.

मग उतार. १०० ला १ म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच, एवढा तरी हवाच. बादलीभर पाणी ओतून बघता येतं, पण खात्री हवी असेल तर मिस्त्रीला पाण्याची लेव्हलची नळी लावून सगळीकडची उंची काढायला सांगा. कुठे डबकं साठत असेल तर खडूने त्याची कड आखून फोटो काढा, कोटेशन मागताना तो फोटो लागतो.

मग वाटे, म्हणजे गच्ची आणि कठडा जिथे भेटतात तिथली गोलाई. तिथे लांबच्या लांब केसासारखी चीर असते, पायाने माती बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. कठड्याची वरची बाजू पण बघा, तिचा उतार आत गच्चीकडे हवा, बाहेर असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळतं आणि खालच्या सगळ्या मजल्यांना ओल देतं.

आणि मग माणसांचे उद्योग. सोलरच्या स्टँडचे बोल्ट, डिशचा खांब, केबलवाल्याने मारलेले खिळे, कोणाच्या तरी मातीच्या कुंड्या. कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप असेल तर नुसतं उपटू नका, वरून तुटतं आणि मुळं आत वाढत राहतात, तिथला गिलावा उकरून मूळ काढावं लागतं.

एवढ्यावर पण कळलं नाही तर पाणी भरून बघायचं, पण तुकड्या-तुकड्याने. मातीचा नाहीतर सिमेंटचा छोटा बांध घालून एकेक भाग दोन इंच भरायचा, ४८ तास ठेवायचा, खाली कोणीतरी बघत राहायचं. सगळी गच्ची एकदम भरू नका, ६०० स्क्वेअर फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे जवळपास २८०० लिटर, पावणेतीन टनांपेक्षा जास्त वजन. जुना स्लॅब असेल, मधे झोळ दिसत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करूच नका.

कोबा, केमिकल की पत्रा

कोबा चांगला असेल, टकटक केल्यावर घट्ट आवाज येत असेल, फक्त चिरा आणि सांधे गेले असतील तर दुरुस्ती आणि वर कोटिंग, एवढं पुरतं. बऱ्याच भागात कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढून नवीन करावा लागतो, महाग आहे, पण इलाज नाही. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जुन्या कोब्यावर नवीन कोबा. तोडफोड नको, राडारोडा उचलायला नको म्हणून कमिटीला हा पर्याय फार आवडतो. चार इंचांचा एक थर स्क्वेअर मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो आणि स्लॅब काही दोन थरांसाठी बांधलेला नसतो. जुना काढताना पण मोठा ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्याने काढा, नाहीतर स्लॅबच तडकतो.

कोटिंग कुठलं हे गच्ची वापरता कशी त्यावर ठरवा. ॲक्रिलिकचं पातळ कोटिंग चालण्या-फिरण्यापुरतं ठीक, पण जिथे कुरडया-पापड वाळत घालतात, खाटा-खुर्च्या ओढतात, पोरं क्रिकेट खेळतात तिथे ते टिकत नाही, त्यावर संरक्षक थर किंवा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) हवं. पत्र्याची शेड हा पण पर्याय आहे, पण महापालिकेची परवानगी विचारल्याशिवाय उभी करू नका, नंतर काढायला लावतात.

काम करून घेताना

वेळ फेब्रुवारी ते मे. जूनचा पहिला आठवडा धरून काम काढलं तर मिस्त्री आभाळाकडे बघत घाई करणार, आणि ओल्या पृष्ठभागावरच कोटिंग मारलं जाणार.

आधी घासणी. शेवाळ, जुन्या कोटिंगचे सुटलेले पापुद्रे, सगळं तारेच्या ब्रशने काढून धुऊन वाळवायचं. मग चिरा. चिरेवर नुसतं वरून लिंपलेलं चालत नाही, ग्राइंडरने व्ही आकाराची खाच पाडायची, धूळ उडवायची आणि पॉलिमर घातलेल्या मसाल्याने भरायची. जी चीर दिवसा-रात्री उघड-मीट करते, म्हणजे भरली तरी तिथेच परत येते, तिला सिमेंट नको, पीयू सीलंट (रबरासारखं ताणलं जाणारं भरण) आणि वर जाळीची पट्टी. पाइपाच्या तोंडाभोवती पण असंच, खणून, सीलंट भरून. उतार दुरुस्त करायचा असेल तर तो आत्ता.

कोटिंगच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी आतून बाष्प धरलं असेल तर खाली ओल आहे, ॲक्रिलिक मारलं तर फोड येणार, थांबा.

कोटिंग मारताना बहुतेक गडबड एकाच ठिकाणी होते, पाणी. ब्रश जड जातो म्हणून मिस्त्री मटेरियलमध्ये गुपचूप मग्गाभर पाणी घालतो, मग ते छान पसरतं आणि नंतर पापुद्र्यासारखं निघतं. पोत्यावर-डब्यावर लिहिलंय तेवढंच. मेच्या दुपारी मारू देऊ नका, तापलेल्या गच्चीवर ब्रश ओढता ओढता मटेरियल सुकतं आणि बारीक चिरा पडतात. सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मधलं अंतर डब्यावर दिलेलं. कठड्यावर निदान फूटभर वर चढवायचं. काही सिमेंटवाल्या कोटिंगला नंतर पाणी मारावं लागतं, ॲक्रिलिकला मारायचं नसतं, हे पण डब्यावर वाचा, मिस्त्रीच्या भरवशावर राहू नका.

डब्यांचा हिशोब पण ठेवा. गच्ची २० बाय ३० असेल तर ६०० फूट आणि कठड्यावरचं फूटभर धरून अजून १००, असे ७०० फूट. समजा डब्यावर लिहिलंय की एका लिटरमध्ये दोन हात मारून १० फूट होतात, तर ७० लिटर लागलंच पाहिजे. सीलबंद डबे तुमच्यासमोर फोडायचे आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायचे, मोजायला. कोटेशनमध्ये पण हेच लिहून घ्या, कुठलं मटेरियल, किती हात, कठड्यावर किती वर, पाइपाची तोंडं धरून की वेगळी. नुसतं "वॉटरप्रूफिंग, १० वर्षं गॅरंटी" असल्या कागदाला अर्थ नाही, गळलं तर तो काय करून देणार आणि किती दिवसांत हे लेटरहेडवर हवं. आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के एक दणदणीत पाऊस होईपर्यंत द्यायचे नाहीत, हे आधीच ठरवून.

काम सुकलं की परत तुकड्याने पाणी भरून ४८ तास. उन्हाळ्यात पाणी उन्हाने पण कमी होतं आणि मग वाद सुरू होतात, म्हणून शेजारी पाणी भरलेलं एक उथळ टोपलं ठेवा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. गच्चीतलं पाणी टोपल्यापेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी जातंय.

जून लागला आणि काहीच झालेलं नसेल तर जाड ताडपत्री कठड्यावर चढवून, वर वाळूची पोती ठेवून पावसाळा काढा, जाळ्या आठवड्याला साफ करा आणि पक्कं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

खालच्या छताला रंग द्यायचं काम मात्र लगेच काढू नका. गळती बंद झाली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला कितीतरी आठवडे जातात, तोवर सुटलेले पोपडे खरवडून छत उघडं ठेवायचं आणि पंखा चालू (वायरिंग कोरडं आहे याची खात्री करून). रंगवाला म्हणेल दिवाळीच्या आत उरकून टाकू, पण तिथे पण तोच प्लास्टिकचा तुकडा रात्रभर चिकटवा, आणि सकाळी कोरडा निघाला तरच त्याला प्रायमरचा डबा उघडू द्या.